बडोद्यात टेम्पो घेऊन राहायला येताय? गाडी रात्री कुठे लागेल ते आधी ठरवा

भाड्याचे घर बघायला गेलेला माणूस पाणी किती वेळ येते, लाइटचे मीटर वेगळे आहे का, शाळा किती लांब आहे, एवढे हमखास विचारतो. घरात छोटा हाथी (टाटा एस), पिकअप, आयशर, स्कूल व्हॅन किंवा टॅक्सी असेल तर या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: रात्री गाडी कुठे उभी राहणार? डिपॉझिट देऊन सामान उतरवल्यावर हा प्रश्न निघाला तर घर सोडण्याची किंवा रोज भांडण्याची पाळी येते. म्हणून घर बघायला जाताना पाच मीटरचा टेप खिशात ठेवा आणि शक्य असेल तर गाडीही सोबत न्या.

आधी एक गैरसमज दूर करू. सोसायटीत कोणीतरी ठामपणे सांगते, "पिवळ्या नंबर प्लेटची गाडी रहिवासी भागात लावायला कायद्याने बंदी आहे." गाडीवाला तितक्याच ठामपणे म्हणतो, "रोड टॅक्स भरतो, कुठेही लावीन." दोघेही चुकतात. मोटार वाहन कायदा, १९८८ यात व्यावसायिक गाडी वस्तीत उभी करूच नये असे सरसकट कलम नाही. पण कलम १२२ म्हणते की सार्वजनिक जागी गाडी अशा रीतीने उभी ठेवू नये की इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल. हे कलम पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या सगळ्या प्लेटना लागू आहे. टॅक्स भरल्याने रस्त्यावर चालण्याचा हक्क मिळतो, रस्त्याचा तुकडा मालकीचा होत नाही. त्यामुळे निकाल दोनच गोष्टींवर लागतो: रस्ता कोणाचा, आणि गाडी लावल्यावर किती रस्ता मोकळा उरतो.

पहिली पायरी: आरसी बुक उघडा

ग्रॉस व्हेइकल वेट, म्हणजे मालासकट वजन, हा आकडा बघा. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलकी, १२,००० किलोच्या वरची अवजड, मधली मध्यम. टाटा एसचे ग्रॉस वेट दीड-पावणेदोन टनांच्या आसपास असते, म्हणजे ती हलकीच. ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिटही लागत नाही. मात्र परमिट लागत नाही याचा अर्थ पार्किंगचे नियम लागत नाहीत असा कोणी काढू नये.

आरसी बघायचे आणखी एक कारण आहे. पांढऱ्या प्लेटची इको किंवा व्हॅन भाड्याने मुले ने-आण करत असेल तर पार्किंगच्या साध्या तक्रारीतून परमिट आणि विम्याचा प्रश्न उघडा पडतो. विमा खाजगी वापराचा आणि वापर धंद्याचा असला की अपघातात कंपनी हात वर करू शकते. गाडीचे पासिंग व्यवसायाचे करून घेण्याला पर्याय नाही.

दुसरी पायरी: रस्ता कोणाचा ते शोधा

बडोद्यात तीन प्रकार भेटतात. पहिला टी.पी. रोड, म्हणजे नगररचना योजनेत आखलेला महानगरपालिकेचा रस्ता. तो सार्वजनिक आहे. तिथे वाहतूक पोलीस मेमो (दंडाचे चलन) देऊ शकतात आणि क्रेनही लावू शकतात. दुसरा सोसायटीचा अंतर्गत रस्ता. गेट आहे, वॉचमन आहे, बाहेरच्याला हक्काने ये-जा नाही, असा. मोटार वाहन कायद्यातली 'सार्वजनिक जागे'ची व्याख्या लोकांच्या ये-जा करण्याच्या हक्कावर उभी आहे. म्हणून अशा बंदिस्त आवारात पोलिसांपेक्षा कमिटीचा ठराव चालतो. तिसरा प्रकार जुन्या शहरातला: मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार या भागांतल्या पोळी (पोळ म्हणजे दाटीची जुनी वस्ती) आणि गल्ल्या. पोळीच्या तोंडाला दरवाजा असला तरी आतला रस्ता बहुधा सार्वजनिकच असतो, आणि इतका अरुंद की तिथे तीनचाकी लोडिंग रिक्षासुद्धा विचार करून लावावी.

या प्रकारांच्या मधली प्रकरणे फसवी असतात. गेट आहे, पण पलीकडच्या दोन सोसायट्यांचे लोक त्यातूनच जातात. किंवा सोसायटी जुनी आहे आणि रस्ता कधीच महानगरपालिकेने ताब्यात घेतला आहे. ओळखायची सोपी खूण म्हणजे डांबर कोण टाकते, खांबावरचा दिवा गेला तर तक्रार कुठे करतात आणि ड्रेनेज तुंबले तर कोण येते, हे तीन प्रश्न वॉचमनला विचारा. तिन्हींचे उत्तर 'सेवासदन' (इथे महानगरपालिकेला असे म्हणतात) आले तर रस्ता महानगरपालिकेचा धरून चाला. खात्री हवी असेल तर वॉर्ड ऑफिसात टी.पी. प्लॅनवर रस्ता दाखवायला सांगा.

कॉमन प्लॉटबद्दल वेगळे सांगायला हवे. गुजरातच्या सोसायट्यांमध्ये गरबा, गणपती, लग्नाचा मांडव यांसाठी सोडलेली मोकळी जागा म्हणजे कॉमन प्लॉट. नव्याने आलेल्या टेम्पोवाल्याला ती रिकामी दिसते आणि तो गाडी लावून टाकतो. ती जागा सगळ्या सभासदांची सामाईक आहे. घरमालकाने तोंडी "लावा हो" म्हटले तरी परवानगी देणे एकट्या त्याच्या हातात नाही.

तिसरी पायरी: टेप काढा

सगळा घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश. कागदावर रस्ता ७.५ मीटरचा असतो. जमिनीवर दोन्ही बाजूंना ओटे, स्कूटर चढवायचे रॅम्प, तुळशीच्या कुंड्या, आसोपालवाचे आळे. मधली खरोखर चालती डांबराची पट्टी मोजली तर साधारण ५.८ मीटर भरते. हिशोब या आकड्यावर करायचा.

किती मोकळे सोडायचे? रस्त्यावरच्या गाडीची कायदेशीर कमाल रुंदी २.६ मीटर. आरसे दोन्ही बाजूंना मिळून चाळीसेक सेंटिमीटर. दोन्हीकडे पाव-पाव मीटर फट. बेरीज साडेतीन मीटर. अग्निशामक बंब, अँब्युलन्स, कचऱ्याची गाडी यांच्यासाठी आमच्या मते हा आकडा किमान आहे. याच्या खाली अजिबात जाऊ नये. आग लागल्यावर टेम्पोच्या मालकाला झोपेतून उठवून किल्ली शोधत बसायला वेळ नसतो.

आता ५.८ मीटरच्या पट्टीवर टाटा एस लावून बघा. बॉडी दीड मीटर, आरसे आणि कडेची फट धरून १.८ मीटर. उरले ४ मीटर. ठीक. समोरच्या बाजूला शेजाऱ्याची कार आली की आणखी १.९ मीटर गेले आणि उरले २.१ मीटर. त्यातून कारसुद्धा आरसे मिटून निघते, बंबाचे नावच नको. म्हणजे साडेसात मीटरच्या रस्त्यावर छोटा हाथी तेव्हाच लागतो, जेव्हा समोरची बाजू पक्की मोकळी राहते. चौदा फुटी आयशर आरशांसकट अडीच मीटर धरा. समोर काही नसतानाही ३.३ मीटर उरतात. अशा रस्त्यावर आयशर लावूच नये, शेजारी कितीही चांगले असोत. नऊ मीटरच्या रस्त्यावर चालती पट्टी ७.२ मीटर मिळाली तर एका बाजूला कार आणि दुसऱ्या बाजूला टाटा एस लावून बरोबर साडेतीन मीटर उरतात.

लांबीही बघा. कडेला समांतर लावायला गाडीच्या लांबीपेक्षा दीड मीटर जास्त जागा लागते. टाटा एस ३.८ मीटरची, म्हणजे तिला ५.३ मीटर. ही जागा कोणाच्या गेटवर सरकत असेल तर ती जागा मोजायचीच नाही. बंद बॉडीची गाडी असेल तर गेटच्या कमानीची उंची आणि घरांना गेलेल्या वायरी बघा.

आणि खाली बघा. चाक ड्रेनेजच्या झाकणावर येते का? झाकणावर एलडी, एमडी, एचडी अशी अक्षरे ओतलेली असतात. एलडी झाकण अडीच टनांचे, एमडी दहा टनांचे, एचडी वीस टनांचे. सोसायट्यांच्या आत बहुधा हलकीच झाकणे बसवतात, कारण ती माणसे आणि स्कूटरसाठी असतात. भरलेली गाडी रात्रभर त्यावर उभी राहिली की झाकणाची कड तडकते, सकाळी गाडी निघताना चाक खाली जाते, आणि झाकण, चेंबर, मजुरी सगळे तुमच्या अंगावर येते. घरापुढच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी असेल तर तिच्या स्लॅबवरही भरलेली गाडी नको.

चौथी पायरी: जाहेरनामा वाचा

कोणत्या रस्त्यावर किती वाजता अवजड गाडी येऊ शकते, कुठे नो पार्किंग, कुठे एकेरी वाहतूक, हे पोलीस आयुक्त जाहेरनामा, म्हणजे अधिसूचना, काढून ठरवतात. त्याला आधार गुजरात पोलीस कायदा, १९५१ मधले कलम ३३. मोडल्यास कलम १३१ लागते. जाहेरनामा गुजरातीत असतो. लिपी शिकायला आठवडा पुरतो, पण तोवर काही शब्द पाठ करा. 'भारे वाहनो' म्हणजे अवजड वाहने. 'प्रवेशबंधी' म्हणजे नो एंट्री. 'थी' आणि 'सुधी' म्हणजे पासून आणि पर्यंत. 'कलाक' म्हणजे तास किंवा वाजता. 'बंने बाजु' म्हणजे दोन्ही बाजूंना. 'एकी तारीख' विषम, 'बेकी तारीख' सम. एका बाजूला विषम तारखेला आणि दुसऱ्या बाजूला सम तारखेला गाडी लावायची असा त्याचा अर्थ. 'जाहेर रजा' वाचून मराठी माणूस फसतो: ती कोणाची रजा नव्हे, सार्वजनिक सुट्टी. 'मांडवाळ' म्हणजे जागेवर दंड भरून केलेली तडजोड, आणि 'दबाण' म्हणजे अतिक्रमण.

वाचताना तीन ठिकाणी थांबा. 'भारे वाहन' कशाला म्हटले आहे ते बघा, कारण बंदी मध्यम गाड्यांनाही असू शकते. मुदत बघा, काही जाहेरनामे तात्पुरते असतात. आणि सूट कोणाला आहे ते बघा. नेमके घर नो एंट्रीच्या आत आणि धंदा रात्री उशिरा संपणारा, असे असेल तर गाडी घरापर्यंत येण्याची वेळ आणि बंदीची वेळ कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा. जुळत नसेल तर ते घर तुमच्यासाठी नाही.

सणांचे वेगळे जाहेरनामे निघतात. गणेश विसर्जन, नवरात्र, रथयात्रा, महाशिवरात्रीची शिवजीची सवारी यांच्या आधी मार्गावर गाड्या उभ्या करायला बंदी होते. सूरसागर, दांडिया बाजार, मांडवी या पट्ट्यात राहणाऱ्याने आदल्या दिवशीच गाडी बाहेर नेऊन ठेवावी. ऐन मिरवणुकीच्या वेळी ती बाहेर काढता येत नाही.

जाहेरनामा नसला तरी काही जागा कायमच्या वर्ज्य. मोटार वाहन चालन विनियम, २०१७ प्रमाणे फूटपाथ, सायकल ट्रॅक, पादचारी पट्टे, चौकाजवळ, वळणावर, पुलावर, बसस्टॉप, शाळा किंवा दवाखान्याच्या दारात, फायर हायड्रंट किंवा वाहतुकीचा बोर्ड झाकला जाईल अशा ठिकाणी, दुसऱ्याच्या फाटकासमोर आणि उभ्या गाडीला खेटून दुसऱ्या ओळीत गाडी लावता येत नाही. लोकांनी आपापल्या गेटवर रंगवलेल्या 'नो पार्किंग' पाट्या सरकारी नाहीत, तरी फाटकासमोर गाडी लावायची बंदी खरी आहे. त्याच घराची लांबलचक भिंत मात्र फाटक नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर भिंतीकडेला पुरेशी जागा असेल तर घरमालकाला तिथे कुंड्या आणि दगड मांडून जागा राखता येत नाही. ते दबाण ठरते.

पाचवी पायरी: सोसायटीकडून लेखी घ्या

भाडेकरू असाल तर अर्ज घरमालकाच्या सहीने द्या. त्यात गाडीचा नंबर, लांबी-रुंदी, ग्रॉस वेट, रोज येण्या-जाण्याची वेळ, कोणती जागा हवी आणि गाडी रिकामी उभी राहील का भरलेली, हे लिहा. गॅसचे सिलिंडर, रंगाचे थिनर, फटाके असा माल भरलेली गाडी वस्तीत एक रात्रही उभी ठेवणार नाही असे स्वतःहून लिहून द्या आणि तसे खरोखर पाळा. कमिटीने परवानगी दिली तर ठरावाची प्रत मागा. सेक्रेटरी बदलला की तोंडी परवानगी संपते. कमिटीने नाही म्हटले तर कारण विचारा: जागा कमी असेल तर टेपचा हिशोब दाखवता येतो, आवाजाचा प्रश्न असेल तर वेळ बदलता येते.

सहावी पायरी: गाडी लावायची रीत

बहुतेक तक्रारी जागेपेक्षा वागण्यावरून होतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ शांततेची, आणि या वेळात रहिवासी भागात सार्वजनिक आणीबाणी सोडून हॉर्न वाजवायला मनाई आहे. माल चढवणे-उतरवणे, फाळका आपटणे, साखळ्या ओढणे हेही या वेळात नको. फाळक्याच्या कडीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की खडखड निम्मी होते.

एअर ब्रेकच्या गाडीत पहाटेची भांडणे ठरलेली. रात्रभरात टाकीतली हवा उतरते, सकाळी प्रेशर भरेपर्यंत इंजिन चालू ठेवावे लागते, आणि धूर कोणाच्या तरी खिडकीत जातो. निरोगी सिस्टीममध्ये हवा रात्रभरात पार शून्यावर येत नाही. येत असेल तर कुठेतरी गळती आहे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावा, फेस फुगेल तिथे फिटिंग बदला. आणि सायलेन्सर खिडकीकडे नाही, रस्त्याकडे येईल अशा बेताने गाडी लावा.

इंजिन बंद, हँडब्रेक, गिअरमध्ये, उतार असेल तर चाकाला लाकडी ठोकळा आणि पुढची चाके कडेकडे वळवलेली. कायदाही हेच मागतो: ड्रायव्हर सीटवर नसेल तर गाडी आपोआप सरकू नये अशी व्यवस्था हवी. मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी अशी रिफ्लेक्टर टेप धुळीने झाकली जाते, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. बाहेर डोकावणाऱ्या सळया, पाइप, शिडी गाडीवर ठेवून जाऊ नका. रात्री दुचाकीवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ते येतात. काचेच्या आत मोबाइल नंबर मोठ्या आकड्यांत लावा, आणि तो फोन रात्री चालू ठेवा.

मेमो आला किंवा गाडी उचलली तर

चुकीच्या पार्किंगला कलम १७७ लागते. केंद्रीय कायद्यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवलेले मांडवाळीचे दर ५०० आणि १,००० रुपये. खर्च तेवढ्यावर थांबत नाही. कलम १२७ प्रमाणे पार्किंगला बंदी असलेल्या जागी उभी असलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक बेवारस सोडलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो, आणि टोइंगचा खर्च दंडाशिवाय वेगळा, मालकाकडून. वाहतुकीला धोका असेल तर दहा तास थांबायचेही कारण नाही. रिक्षा दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून महिनाभर रस्त्यावर पडली आहे, अशी गाडी नेमकी यात सापडते.

क्रेनवर पोलीस नसेल तर विचारा, पण हुज्जत घालू नका. जागेचा, बोर्ड असल्यास बोर्डाचा आणि नसल्यास मोकळ्या कडेचा फोटो काढा. पैसे पावतीशिवाय देऊ नका. सोडवताना आरसे, बंपर, स्टेपनी, ताडपत्री तपासून मगच सही करा. नंतर सांगून उपयोग नसतो. मेमो चुकीचा वाटला तर दंड भरण्याआधी हरकत घ्या. एकदा भरला की चूक कबूल केल्यासारखे होते.

दुसऱ्याच्या गाडीने तुमची वाट अडली तर आधी काचेवरच्या नंबरला फोन करा. अँब्युलन्स अडली असेल किंवा धोका असेल तर थेट ११२. रोजचाच त्रास असेल तर चार वेगवेगळ्या दिवसांचे तारीख-वेळेसह फोटो आणि टेप धरून मोजलेला उरलेला रस्ता जोडून वाहतूक शाखेकडे अर्ज करा, आणि प्रतीवर पोच घ्या. सार्वजनिक वाट अडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. रागाने टायरची हवा सोडणे, काचेवर ओरखडे काढणे हे मात्र कोणी करू नये. मग नुकसान केल्याचा गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो.

घराजवळ जागा नसेलच तर

हायवेच्या बाजूला, गोल्डन चोकडी, कपुराई, मकरपुरा जीआयडीसीकडे खाजगी यार्ड, गोदामाचे आवार किंवा ओळखीच्या पेट्रोल पंपामागची जागा महिन्याच्या भाड्याने शोधा. हायवेची कड किंवा सर्व्हिस रोड हा पर्याय नाही. रात्री वेगात येणाऱ्या वाहनाला उभी गाडी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पैसे देण्याआधी चार गोष्टी बघा: रात्री गेटवर माणूस आहे का, दिवा आहे का, डिझेल आणि बॅटरी चोरीला गेली तर जबाबदारी कोणाची हे पावतीवर लिहून देतात का, आणि पहाटे तुमच्या वेळेला गेट उघडते का. घरापासून यार्डपर्यंत जाण्या-येण्याचा रोजचा खर्च भाड्यात धरूनच दोन घरांची तुलना करा.

शेवटी पावसाळा. काळाघोडा पुलाजवळ विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. नदीकाठच्या सखल भागात घर किंवा यार्ड घेत असाल तर शेजारच्या दुकानदाराला त्या पुरात पाणी भिंतीवर कुठपर्यंत आले होते ते हाताने दाखवायला सांगा. आजवा सरोवरातून पाणी सोडल्याची बातमी आली आणि नदी चढू लागली की पातळी २६ वर जायची वाट न बघता गाडी उंच भागात हलवा. इतर सगळे त्याच रस्त्याने निघायच्या आत.